एक खिळा

पंचवीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी म्हापशात.
बाई दारात उभी राहिली की
टेप काढायच्या आधीच खांदा किती, बाही किती,
डोळा सांगतो. क्वचितच चुकतो.

पायरीवर निजणाऱ्या माणसाचंही माप
मी असंच घेतलं होतं, शटर ओढता ओढता.
दाढी महिन्याची.
हात कापतात म्हणजे दारू.
भाषा ऐकली नव्हती, तरी बाहेरचीच.
शेजारचा स्टेशनरीवाला म्हणाला,
रात्री फिनेलचं पाणी मारत जा,
ओल्यावर कोण निजणार?
मारलं. महिनाभर मारलं.
घरी जाताना बसमध्ये हातांना वास यायचा
आणि मी खिडकीबाहेर बघत राहायचे.

तो पुठ्ठा अंथरायचा. तो भिजला की दुसरा.

लग्नाची ऑर्डर होती म्हणून एकदा उजाडता उजाडता आले.
शुक्रवारचा बाजार नुकता मांडत होते,
चोरिसांच्या माळा, मिरच्यांची पोती,
सोपोची पावती फाडत फिरणारा पोरगा.
पायरी रिकामी. झाडलेली.
पुठ्ठे घडी घालून गटाराच्या कडेला,
आणि तो मासळीबाजाराकडून येत होता
कोपरांपर्यंत ओला.
पहाटे चारपासून बर्फ फोडतो म्हणे.
तुम्ही फोडून बघा. कापतात हात.

फेणी घेतो का? घेतो, शनिवारी.
माझा नवराही घ्यायचा.
त्याला पडायला खाट होती एवढंच.

नाताळच्या सुमारास म्हापशात पडते ती काही थंडी नव्हे,
पण दगड गार होतो.
वर्षभराच्या चिंध्यांची मी वाकळ शिवली.
खण, शिफॉन, कोणाच्या साखरपुड्याचा जरीकाठ.
दिली, आणि त्या रात्री
स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी वाकळ शटरपाशी, चौकोनी घडी करून.
तो बाजूला उभा.
"बाये, बरी आसा. पूण दिसाची ही हांवें खंय दवरची?"

दिवसाची ठेवायची कुठे?
पालिकेची गाडी पुठ्ठे उचलते, तशीच वाकळ उचलणार.
काखेत घेऊन बर्फ फोडता येत नाही.
एवढी टाके मोजणारी मी,
हा टाका मला दिसला नव्हता.

आणि कोंकणी बोलला तो, अगदी आमच्या बार्देशी वळणाची.
नाव इनास. गाव उसकई,
माझ्या माहेराहून एक टेकडी पलीकडे.
तिथे घर आहे त्याचं, शिंपल्यांच्या तावदानांचं,
बारा खिडक्या, अकरा वारस,
निम्मे लिस्बनला, बाकीचे कोर्टात,
दाराला कुलूप.
"म्हणजे माझ्या वाट्याला एक खिडकी आणि थोडी,"
असं काहीतरी म्हणून तो हसला.

मला बरं वाटलं, आपलाच निघाला म्हणून.
मग ते बरं वाटणंच टोचलं,
सुई नखात मोडावी तसं.
नसता निघाला आपला,
विजापूरचा असता, ओडिशाचा असता,
तर दगड कमी गार लागला असता त्याला?

दुकानात, पडद्याशेजारी, एक खिळा ठोकला.
दोन मिनिटं लागली.
फिनेल मारायला रोज याहून जास्त लागायची.
आता तिथे वाकळ असते आणि एक निळी पिशवी.
गिऱ्हाइकं विचारतात, हे कोणाचं शिवायला आलंय?
शिवायला नाही, म्हणते. ठेवायला.

मार्चमध्ये तो पाच दिवस आला नाही.
मासळीबाजारात विचारलं. आझिलो हॉस्पिटलात विचारलं.
केर काढताना पिशवीला हात लागला, हलकी होती.
उघडली नाही.
आत काय असेल याचा अंदाजही, जमेल तेवढा, केला नाही.

सहाव्या दिवशी आला, पायाला पट्टी बांधून.
कुठे होतास म्हणून ओरडणार होते मी,
पण तो उंबऱ्यातून
आधी खिळ्याकडे बघत होता.
मग माझ्याकडे.